मुद्दाम मालवलेले दिवे

"लाइट गेलेत का गं?" आईने माझ्या कानाशी लागून विचारलं. डिसेंबरची १३ तारीख, स्वीडनमधला संत लुसियाचा सण, सकाळचे साडेसात, बाहेर अजून मिट्ट काळोख. लेकीच्या बालवाडीच्या हॉलमध्ये आम्ही सगळे आईबाप बूट दाराशी काढून, ओलसर मोज्यांनी, पोरांच्या वीतभर उंच बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. "गेले नाहीत, मुद्दाम बंद केलेत," मी म्हटलं. "मुद्दाम?" एवढंच म्हणून ती गप्प झाली. मग मागच्या खोलीतून गाणं ऐकू यायला लागलं. आधी बाईंचा एकटीचा आवाज, मग त्यात पोरांचे. काही सुरात, बरेचसे नुसतेच उत्साहात. दार उघडलं आणि रांग आत आली. पुढे चार लुसिया, म्हणजे ज्यांना ज्यांना व्हायचं होतं त्या सगळ्या. डोक्यावर बॅटरीच्या मेणबत्त्यांचे मुकुट, पायघोळ पांढरे झगे, कमरेला लाल फीत. त्यांच्यामागे पांढऱ्या झग्यातल्याच सख्या, मग सोनेरी चांदण्या चिकटवलेल्या निमुळत्या टोप्या सावरत चालणारे मुलगे, लाल टोपीवाले बुटके, आणि शेवटी एक डायनासोर. त्याने दुसरं काही अंगावर चढवायला साफ नकार दिला असणार. गाणी झाली, रांग आली तशी गेली, दिवे लागले, सगळ्यांनी डोळे चोळले, कॉफी आली. घरी येताना आई म्हणाली, "छान झालं हो सगळं. पण अंधारात कशाला?" मी म्हटलं, "असंच असतं इथे." आणि आपलंच हे उत्तर मला दिवसभर टोचत राहिलं.

आईचा प्रश्न साधा नव्हता, कारण अंधार ही तिच्या लेखी आयुष्यभर निस्तरायची गोष्ट आहे. सातारा जिल्ह्यातल्या तिच्या गावात वीज आली तेव्हा ती शाळेत होती. त्याआधी रोज दिवस कलला की कंदिलाच्या काचा राखेने घासून कोरड्या फडक्याने पुसायचं काम तिच्याकडे, कारण तिचा हात काचेत जाईल एवढा लहान होता. वात कापायची, रॉकेल बेताने ओतायचं. तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसायचं नाही, केस विंचरायचे नाहीत, झोपायचं तर मुळीच नाही. दिवेलागणीला हातपाय धुऊन शुभंकरोती म्हणायचं आणि मग चुलीच्या उजेडात जेवून घ्यायचं. पिंपळावर मुंजा होताच, विहिरीच्या अंगाला हडळ होती आणि तिचं लुगडं पांढरंच असायचं. पुढे लग्न होऊन शहरात आली तर भारनियमन आलं. माझ्या दहावीच्या वर्षी ठरल्या वेळी लाइट जायचे आणि आई पुटपुटत मेणबत्ती शोधायची. इन्व्हर्टर घरात आला त्या दिवशी तिने त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. अशा बाईला भरल्या पोटी, बिल भरलेलं असताना, आपल्या हाताने बटण बंद करून काळोखात बसलेली माणसं बघून काय वाटलं असेल?

आमच्या गावी, स्वीडनमधल्या उप्सालाला, डिसेंबरच्या मध्यावर सूर्य पावणेनऊच्या आसपास उगवतो आणि पावणेतीनला मावळतो. उगवतो हे म्हणायला. ढगांच्या मागे कुणीतरी राखाडी पडदा थोडा सरकवतं इतकंच, आणि जेवणाची भांडी घासून होईतो तो परत ओढलेला असतो. बर्फ पडलं असेल तर निदान खालून उजेड येतो. नाही पडलं, आणि हल्ली बरेचदा पडत नाही, तर ओला डांबरी रस्ता असेल तेवढाही उजेड पिऊन टाकतो. ऑफिसात लोक एकमेकांना ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांबद्दल विचारतात. आणि तरी याच दिवसांत रस्त्याने चालताना प्रत्येक खिडकीत सात दिव्यांची त्रिकोणी समई दिसते, कागदी तारा लटकलेला दिसतो, आणि पडदे उघडे. इथली माणसं एरवी शेजाऱ्याशी लिफ्टमध्ये बोलणार नाहीत, पण डिसेंबरात खिडकीतला दिवा मात्र रस्त्याने जाणाऱ्यासाठीच ठेवल्यासारखा असतो. खोलीत मोठा दिवा लावायचा नाही, हे इथे आल्यावर पहिल्यांदा अंगवळणी पडतं. छतावरचा पांढराधोप दिवा लावला तर पाहुणा "काही हरवलंय का?" असं विचारेल, इतपत.

ज्या लुसियाच्या नावाने हे सगळं चालतं ती इथली नव्हेच. ती सिसिलीतल्या सिराक्युजची, तिकडे तिला लुचिया म्हणतात. डायोक्लेशियन बादशहाच्या काळात ख्रिस्ती माणसांचा छळ चालू असताना इसवी सन ३०४ मध्ये तिला मारलं. भुयारात लपलेल्या लोकांना ती अन्न नेऊन द्यायची, दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून दिवे डोक्यावर बांधायची, अशी कथा. डोळे काढल्याची कथा मागाहून जोडली गेली, पण तीच जास्त टिकली. म्हणून चित्रांत ती तबकात स्वतःचे दोन डोळे घेऊन उभी असते आणि तिच्या चेहऱ्यावर पुन्हा दोन डोळे असतातच. आंधळ्यांनी, डोळ्याच्या दुखण्याने हैराण झालेल्यांनी तिला नवस बोलायचे. माझी एक सहकारी इटलीतल्या बेर्गामोकडची आहे. तिच्या लहानपणी नाताळबाबापेक्षा सांता लुचियाची वाट जास्त पाहिली जायची. १२ च्या रात्री ती गाढव घेऊन येते, खेळणी ठेवते. गाढवासाठी दाराशी चारा ठेवायचा आणि आपण डोळे घट्ट मिटून पडायचं, कारण जागं राहून बघणाऱ्या पोराच्या डोळ्यांत ती राख फेकते. डोळ्यांची देवी, आणि राख डोळ्यांतच! पालेर्मोत त्या दिवशी पिठाचं काही खात नाहीत. दुष्काळात धान्याचं जहाज लागलं तेव्हा दळायलाही धीर न धरता लोकांनी गहू नुसते शिजवून खाल्ले, त्याची आठवण म्हणून उकडलेल्या गव्हांची कुचिया करतात. हंगेरीत आणि क्रोएशियात तर याच दिवशी ताटलीत गहू पेरतात आणि नाताळापर्यंत तो हिरवागार उगवला की टेबलावर मांडतात. हे ऐकल्यावर आईने लगेच विचारलं, "माती कुठली घेतात?" घटाला वावरातलीच माती लागते, कुंडीतली चालत नाही, हा तिचा जुना मुद्दा.

पण स्वीडन मार्टिन ल्यूथरच्या वाटेने गेलेला देश. त्याच्या धर्मसुधारणेनंतर संतांचे बरेचसे सण इथे मोडीत निघाले. मग ही कशी राहिली? तर इथल्या शेतकऱ्याला त्या रात्री संत आठवतच नव्हती. त्याला भीती होती ती वेगळ्याच बाईची. नॉर्वेत तिला लुसी म्हणत. वर्षातल्या सगळ्यात लांब रात्री ती आपला लवाजमा घेऊन आभाळातून जाते, मळणी, सूतकताई वेळेत उरकली आहे का ते पाहते, नसेल तर धुरांड्यातून आत शिरते, ऐकत नाहीत ती पोरं उचलून नेते. कुठे कुठे सांगत की ती आदमची पहिली बायको, आणि डोळ्यांना न दिसणारी जमिनीखालची माणसं ही तिची पिलावळ. त्या रात्री गोठ्यातली जनावरं माणसासारखी बोलतात, रात्र किती लांबली म्हणून कुरकुरतात. त्यांना जास्तीचा चारा घालायचा. आपण झोपायचं नाही. गावातली तरणी पोरं तोंडं रंगवून, उलटेसुलटे कपडे घालून घरोघर हिंडायची, गाणी म्हणून दारू मागायची.

म्हणजे ही मुळात जागून काढायची रात्र.

आणि जागायचं तर खायला हवं. नाताळाचं डुक्कर या दिवसापर्यंत कापून झालेलं असायचं. एके काळी यापुढे नाताळापर्यंत उपास धरत, म्हणून उजाडायच्या आत जितकं पोटात जाईल तितकं घालून घ्यायचं. पश्चिम स्वीडनमध्ये पहाट होईपर्यंत एकामागून एक न्याहाऱ्या झोडायचे. ही गोष्ट मी आईला सांगितली तेव्हा ती पहिल्यांदा खुलली. "अगं, मग धुंधुरमासच की हा!" आणि खरंच, तारखा पाहिल्या तर सूर्य धनु राशीत जातो आणि धुंधुरमास लागतो तो १६ डिसेंबरच्या सुमाराला, लुसियाच्या तीन दिवस पुढे. आजोळी त्या महिन्यात एखाद्या तरी पहाटे तारे असताना स्वयंपाक व्हायचा. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा, मुगाची खिचडी, निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, गाजर-पापडीची लेकुरवाळी भाजी. नैवेद्य दाखवून सूर्य वर यायच्या आत पानं वाढलेली असायची. मला आठवतं ते म्हणजे अर्धवट झोपेत तोंडात गेलेला खिचडीचा पहिला चटका आणि अंगणात दात वाजवत धुतलेले हात. थंडीच्या पहाटे अंधारात पोटभर जेवायचं, हे साताऱ्याला आणि स्वीडनला कुणी शिकवलं नाही. दोघांनाही ते एकेकट्याने सुचलं, यात मला जास्त गंमत वाटते.

आता कुणी चोखंदळ वाचक विचारेल की सगळ्यात लांब रात्र २१-२२ डिसेंबरची, मग ही १३ ला कशी? त्याचं असं आहे की जुन्या ज्युलियन पंचांगात वर्ष किंचित लांब धरलेलं होतं. दर शतकाला पाऊण दिवसाचा फरक पडत पडत चौदाव्या शतकात सूर्याचं वळण १३ डिसेंबरलाच यायला लागलं, आणि लोकांच्या मनात ही रात्र आणि लुसिया यांची गाठ पक्की बसली. पुढे स्वीडनने १७५३ मध्ये नवं पंचांग घेतलं. त्या वर्षी १७ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च उजाडला. मधले दिवस उडाले, हिशेब सूर्याशी जुळला, पण लुसिया आपल्या जागेवरून हलली नाही. सूर्य पुढे निघून गेला आणि सण तिथेच थांबला. याला हसावं तर आपली संक्रांत बघा. उत्तरायण म्हणून आपण तिळगूळ वाटतो १४-१५ जानेवारीला, आणि सूर्य उत्तरेकडे वळलेला असतो त्याच्या तीन आठवडे आधीच. आपलं गणित ताऱ्यांच्या राशींवर चालतं आणि पृथ्वीच्या अक्षाच्या संथ गिरकीमुळे ते सत्तरेक वर्षांनी एक दिवस सरकतं. या दोन गोष्टी एकाच दिवशी यायच्या तो काळ साधारण तिसऱ्या शतकाच्या अखेरचा. तिकडे सिराक्युजमध्ये ती मुलगी मारली गेली त्या सुमाराला आपली संक्रांत बरोबर ठिकाणी होती!

आज दिसते ती पांढऱ्या झग्यातली लुसिया मात्र फार जुनी नाही. तिची पहिली लेखी नोंद १७६४ ची, पश्चिम स्वीडनमधल्या एका जमीनदाराच्या वाड्यातली: पाहुणा झोपेतून उठतो तर समोर पांढऱ्या वस्त्रातली मुलगी मेणबत्त्या घेऊन उभी, आणि मागोमाग न्याहारी. म्हणजे शेतकऱ्यांची भुताची रात्र वाड्यावर जाऊन न्हाऊनधुऊन, केस विंचरून आली. १८९३ मध्ये स्टॉकहोमच्या स्कान्सेन या खुल्या संग्रहालयात लुसिया साजरी झाली, १९२७ मध्ये राजधानीतल्या एका वर्तमानपत्राने शहराची लुसिया निवडायची स्पर्धा घेतली, आणि मग ती देशभर झाली. चाल आली ती नेपल्सहून. मूळ गाणं तिथल्या सांता लुचिया नावाच्या बंदरातल्या नावाड्याचं. समुद्र शांत आहे, वारा छान सुटलाय, चला माझ्या नावेत, असं तो गिऱ्हाइकाला बोलावतोय. संताचा त्यात नावापलीकडे संबंध नाही. माझ्या इटालियन सहकारणीला दर वर्षी हसू आवरत नाही. उणे पाच तापमानात डोळे मिटून भक्तिभावाने गाणारी स्वीडिश माणसं, आणि तिच्या कानात मे महिन्यातला होडीवाला! इथे मात्र ती चाल इतकी मुरलीय की नोबेल घ्यायला आलेल्या शास्त्रज्ञांनाही ग्रँड हॉटेलात १३ च्या पहाटे याच गाण्याने उठवतात. रात्री उशिरा झोपलेल्या एखाद्या वयस्क प्राध्यापकाने डोळे उघडावेत आणि खोलीत डोक्यावर मेणबत्त्या पेटवलेल्या पांढऱ्या मुली दिसाव्यात. आपण गेलो बहुतेक, असं त्याला क्षणभर तरी वाटत असेल.

लुसिया कुणी व्हायचं, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. पूर्वी शाळांत मतं घ्यायचे, आणि मतं कुणाला पडायची हे सांगायला नको. लांब सोनेरी केसांना. आता बऱ्याच ठिकाणी चिठ्ठ्या टाकतात, नाहीतर आमच्या बालवाडीसारखं, ज्याला व्हायचं त्याने व्हावं. २०१६ मध्ये एका मोठ्या दुकानसाखळीने जाहिरातीत सावळ्या मुलाला लुसियाच्या पोशाखात दाखवलं, तर त्या एवढ्याशा पोरावर लोकांनी इतकी गरळ ओकली की जाहिरात काढून घ्यावी लागली. ज्या मूळ मुलीचा हा सण, ती सिसिलीची. तिचे केस बहुधा माझ्या लेकीसारखेच काळेभोर असणार. लेकीला मी विचारलं होतं, लुसिया व्हायचंय का? ती म्हणाली, नको, मला पेपरकाका व्हायचंय, आल्याच्या बिस्किटाचा माणूस, तपकिरी रंगाचा. तिच्या जिवलग मैत्रिणीने तेच ठरवलं होतं, आणि ती मैत्रीण लख्ख सोनेरी केसांची आहे. एवढं कारण मला पुरायला हवं होतं. तरी तपकिरी कापड शिवणयंत्राखाली धरताना मनात नको ते येऊन गेलं. आईचं दुःख वेगळंच. तिला मुकुट हवा होता. "फोटोत कशी दिसली असती," असं ती अजून म्हणते.

त्या दुपारी आम्ही दोघींनी लुसेकात्तर केले. केशराचे पाव, दोन्ही टोकं उलटसुलट गुंडाळून इंग्रजी एससारखे वळलेले, दोन्ही वेटोळ्यांत एकेक बेदाणा. इथे केशर अर्ध्या ग्रॅमच्या पुडीत मिळतं आणि बऱ्याच दुकानांत ते काउंटरवर मागून घ्यावं लागतं. नाहीतर कुणाच्या तरी खिशातून चोरीला जातं. पाककृतीत लिहिलेलं की साखरेच्या खड्याबरोबर कुटून कोमट दुधात घाला. आईने कागद बाजूला सारला. कढल्यात केशर शेकवलं, थेंबभर दूध घालून वाटीच्या तळाशी बोटाने रगडलं, आणि पिवळा रंग नखाच्या कडेने वर चढला तेव्हा "आता बोल" म्हणाली. मैदा, लोणी, साखर, यीस्ट, थोडा चक्का. चक्का नसेल तर पाव संध्याकाळपर्यंत दगड होतो. पीठ फुगेपर्यंत घरभर कोजागरीचा वास सुटला होता. बेदाणा वरवर ठेवला तर भट्टीत उडून पडतो, तो बोटाने पार तळापर्यंत खुपसावा लागतो. अंड्याचा हात फिरवायचा म्हटल्यावर आईने तोंड फिरवलं, पण नंतर खाल्ले मात्र दोन. जुन्या समजुतीप्रमाणे हा पिवळा रंग सैतानाला सहन होत नाही. मांजराचं रूप घेऊन तो पोरांना छळतो, त्याला दूर ठेवायला हे सूर्याच्या रंगाचे पाव. "दृष्टीचंच आहे म्हणजे," आई म्हणाली, आणि पहिला पाव नातीच्या हातात देण्याआधी तिच्यावरून ओवाळून घेतला.

रात्री कॅथीड्रलमध्ये मोठ्या गायकवृंदाची लुसिया होती. आईला सकाळचाच कार्यक्रम पुरे झाला असेल असं वाटलं होतं, पण ती निघाली. खांबांच्या उंच जंगलात हजारभर माणसं कोट घालून बसलेली. आणि मग इथेही दिवे गेले, टप्प्याटप्प्याने, शेवटी नुसतं बाहेर पडायच्या वाटेवरचं हिरवं चिन्ह उरलं. बराच वेळ काहीच घडलं नाही. कुणी खोकलं, कुणाचं बाळ कुरकुरलं. डोळे आधी धडपडतात, मग सोडून देतात; तेव्हा पाठीमागून, खूप लांबून, आवाज सुरू झाला. मागे वळून बघायचं नसतं, तरी सगळे वळतात. खऱ्या मेणबत्त्या होत्या. मुकुटाखाली ओला रुमाल, मेण केसांत ठिबकू नये म्हणून, आणि मान इतकी ताठ की ती मुलगी चालत नव्हती, कुणीतरी तिला सरकवत होतं असं वाटावं. ती आमच्या रांगेजवळून गेली तेव्हा आईचा चेहरा, पुढच्या माणसाची टोपी, माझे हात, सगळं क्षणभर सोनेरी झालं आणि परत गेलं. आपल्याकडे दिवा एका जागी असतो, देव्हाऱ्यात, कोनाड्यात, तुळशीपाशी, आणि आपण त्याच्याकडे जातो. इथे तो चालत येतो, थांबत नाही, आणि गेला की आधीपेक्षा काळोख वाटतं. निम्मा कार्यक्रम म्हणजे त्याची वाट बघणं. दिवे लावून ठेवले तर वाट कशाची बघणार? सकाळच्या प्रश्नाला हे उत्तर मी देऊ शकले असते. पण आईने विचारलं नाही. ती उलट मला कोपराने ढोसून म्हणाली, "ती मागची तिसरी बघ, मेणबत्ती वाकडी धरलीय, हात भाजेल तिचा."

परवा आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या गटावर निरोप आला. संक्रांतीचं हळदीकुंकू या वर्षी १४ ला नाही, पुढच्या शनिवारी. आठवड्याच्या मधे कुणाला सुट्टी मिळत नाही. तिळगूळ घरून आणावा, हॉल दुपारी चारपर्यंतच आहे, नंतर बॅडमिंटनवाल्यांचा आहे. आई भिंतीवरचं कालनिर्णय बघत उभी होती. पंचांगाचं सगळं रामायण मी तिला लुसियाच्या निमित्ताने ऐकवून झालं होतंच.

"सूर्य वळतो एकवीसला, पंचांग म्हणतं चौदाला, आणि तुम्ही करणार शनिवारी," ती म्हणाली. "मग एकवीसलाच का नाही उरकून घेतलंत?"

"हॉल मिळाला नसता," मी म्हटलं.

"हां," आई म्हणाली, आणि तीळ भाजायला घेतले.